प्रेमकथेतील अडसर आणि सीमेवरचा वाचक

कादंबऱ्या वाचून तरुण मुले बिघडतात, ही तक्रार मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांतही ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली. पोथीला देवघरात जागा होती, बखरीला आणि चरित्राला बैठकीच्या कपाटात जागा होती. प्रेमाची कादंबरी मात्र उशीखाली किंवा क्रमिक पुस्तकाच्या आत दडवून वाचली जाई. ज्यांनी ती दडवून वाचली त्यांनीच पुढे वडीलधारे झाल्यावर मुलांच्या हातून ती काढून घेतली. असे असूनही हा प्रकार टिकला. एवढेच नव्हे, तर मराठी वाचकांच्या प्रत्येक पिढीला वाचनाची गोडी लावण्याचे काम बऱ्याच अंशी त्यानेच केले.

प्रस्तुत लेखात आम्ही या दुर्लक्षित प्रकाराचा थोडा मागोवा घेऊ इच्छितो. आपल्याच काळातील तरुण-तरुणींच्या प्रेमाची कथा सांगणारी कादंबरी कशाने साधते आणि कशाने फसते, हा आमचा प्रश्न आहे. हुमनाबादसारख्या ठिकाणी बसून तो विचारण्यास कारण आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला मराठी शाळेत मिळते, बाजारात मिळते, कचेरीत मिळते. आपल्याकडील मुलाला शाळेत कानडी किंवा इंग्रजी, रस्त्यावर कानडी आणि दखनी, आणि घरात तेवढी मराठी. मग ती मराठी हळूहळू स्वयंपाकघर आणि देवघर यांपुरती उरते. जेवायला ये, दिवा लाव, आजीला नमस्कार कर, एवढे तिच्यात बोलता येते. परंतु मनात पहिल्यांदाच उठलेली हुरहूर, मत्सर, लाज, पश्चात्ताप यांना तिच्यात शब्द सापडत नाहीत. वयात येणाऱ्या माणसाची भाषा ज्या पुस्तकांतून मिळते, त्यांत प्रेमाच्या कादंबरीचे स्थान मोठे आहे. म्हणून ती चांगली की वाईट हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ रंजनाचा राहत नाही.

या इतिहासाच्या आरंभीच एक विलक्षण कबुली आढळते. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. ती राजपुत्र-राजकन्यांची अद्भुतरम्य कथा आहे. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी अशा कथा लिहिण्याचे कारण दिले आहे. त्याचा आशय असा, की आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती आणि एकंदर राहणी पाहता रोजच्या जीवनात मन वेधील असे काही घडतच नाही; तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचा आश्रय केल्यावाचून गत्यंतर नाही. पुढील टीकाकारांनी या प्रस्तावनेकडे वारंवार लक्ष वेधले आहे, आणि ते योग्यच आहे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी वडीलधारे ठरवीत असतील तर दोन तरुण मने एकमेकांना ओळखणार कधी, निवडणार कधी, आणि त्यांची वाट अडवणार कोण? इंग्लंडात जेन ऑस्टिनने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध केली. बापाची मालमत्ता मुलींना न मिळता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, ही त्या कथेतील अडचण तिच्या वाचकांच्या घरात रोज जाणवणारी होती. रिसबुडांच्या वाचकांच्या घरात अडचणी काही कमी नव्हत्या, परंतु निवडीचा क्षणच नव्हता. म्हणून त्यांनी राजवाडे उभे केले.

मात्र रिसबुडांचे म्हणणे पूर्ण खरे नव्हते, हे त्यांच्या आधीच सिद्ध झाले होते. बाबा पदमनजी हे बेळगावात जन्मलेले, म्हणजे आपल्याप्रमाणेच कानडी मुलखाच्या शेजारचे. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. त्यात यमुना आणि तिचा पती प्रवास करतात, जागोजागी विधवांची दुःखे पाहतात आणि त्यांविषयी एकमेकांशी बोलतात. पुस्तकाचा हेतू धर्मप्रचाराचा व सुधारणेचा होता. परंतु नवरा-बायको मोकळेपणाने बोलत आहेत, हे दृश्यच त्या काळी नवे होते. हरिभाऊ आपट्यांनी हाच धागा पुढे नेला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली. तिच्यातील यमू आणि रघुनाथ यांचे लग्न इतरांप्रमाणेच वडीलधाऱ्यांनी ठरवलेले. त्यांचे प्रेम लग्नानंतर जमते. तो तिला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांना थोडी मोकळीक मिळते. आणि मग त्याच्या मृत्यूनंतर तिच्या वाट्याला केशवपनाची विटंबना येते. आपट्यांनी अद्भुताचा आश्रय केला नाही. वाचकाच्या स्वतःच्या घरातील चाल हाच त्यांनी कथेचा अडसर केला. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी ती कादंबरी वाचवते, याचे कारण आमच्या मते हेच आहे. यापुढील सर्व कादंबऱ्यांना आम्ही हीच कसोटी लावणार आहोत : प्रेमाच्या आड येणारी गोष्ट खरी आहे काय, आणि तिची किंमत प्रेमिक स्वतः मोजतात काय?

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चित्र बदलले. मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या, लग्नाचे वय वाढले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही विवाहाची किमान वयोमर्यादा ठरवली. तो १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या हुमनाबादेत, तो लागू नव्हता. ही तफावत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्या-मुंबईच्या कादंबरीतील नायिका टेनिस खेळत होती, त्या वेळी तिच्याच वयाची आपल्याकडील वाचक मुलगी बहुधा सासरी नांदत होती. तिने ती कादंबरी वाचली असेल तर परक्या देशाच्या वर्णनासारखीच वाचली असेल.

ही टेनिस खेळणारी नायिका मराठीत रूढ केली ती ना. सी. फडक्यांनी. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी तरुण वाचकांना अक्षरशः वेड लावले. फडके हे तर्कशास्त्राचे प्राध्यापक. कथा कशी गुंतवावी, उत्कंठा कशी ताणावी आणि उकल कशी साधावी, याचे शास्त्रच त्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात मांडले. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोन तरुण माणसे समोरासमोर बसून सुबक, हलक्या, घरगुती मराठीत आपल्या मनातले बोलू शकतात, हे त्यांनी दाखवले. मराठी प्रेमकथेला संभाषण मिळाले ते मोठ्या प्रमाणावर त्यांच्यामुळे.

तरीही त्यांच्या पुष्कळ कादंबऱ्या आज हाती घेतल्यावर मन रमत नाही. अडचण तंत्राची नव्हे. तंत्र तर बिनचूक आहे. अडचण अडसराची आहे. नायक-नायिकेत दुरावा येतो तो बहुतेकदा गैरसमजाने किंवा एखाद्या योगायोगाने. एका स्पष्ट वाक्याने जो दुरावा मिटला असता तो दीडशे पाने टिकवला, की वाचकाला पात्रांची कीव येण्याऐवजी लेखकाची युक्ती दिसू लागते. पहिल्या वाचनात उत्कंठा असते. शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा वाचण्यास काही उरत नाही. प्रेमाची कादंबरी फसते ती अशी. प्रेम खोटे असते म्हणून नव्हे, तर आड येणारी भिंत कागदाची असते म्हणून.

फडक्यांच्या विरुद्ध टोकाला वि. स. खांडेकर होते. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा त्या दोघांच्या नावाने गाजलेला वाद जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. १९२० पासून १९३८ पर्यंत खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले होते. ‘उल्का’ व ‘दोन ध्रुव’ या १९३४ च्या कादंबऱ्यांत आणि ‘क्रौंचवध’मध्ये (१९४२) त्यांनी प्रेमाच्या आड गरिबी, विषमता आणि ध्येयनिष्ठा आणून ठेवली. या भिंती खऱ्या होत्या. कितीएक तरुणांनी आपल्या वहीत त्यांची वाक्ये उतरवून घेतली, याचे इंगित येथे आहे. परंतु खांडेकरांकडे दुसरा धोका होता. त्यांची पात्रे एकमेकांशी बोलता बोलता वाचकांना उद्देशून बोलू लागतात. प्रियकर सुभाषित सांगू लागला, की प्रेयसी श्रोत्यांत जाऊन बसते. अडसर खरा, पण माणसे विचारांची वाहने झाली, तर ती कादंबरी आदराने वाचली जाते, आपलेपणाने वाचली जात नाही. ‘ययाति’ (१९५९) अधिक टिकली, आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिच्या लेखकाचा गौरव झाला, यात आश्चर्य नाही. तेथे बोधापेक्षा वासनेत सापडलेल्या माणसाची तडफड वाचकाला अधिक भिडते.

याच दशकात एका लेखिकेने दोघांनाही न साधलेले काम केले. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि गहजब उडाला. लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. पुढे त्या बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, असे निष्पन्न झाले. शिकलेली, नोकरी करणारी, वय वाढत चाललेली मुलगी; तिच्या पगारावर घर चालते म्हणून तिच्या लग्नाची घाई कोणालाच नाही. हा अडसर कोणत्या खलनायकाने घातलेला नव्हता, तो प्रेमळ आईबापांनीच घातला होता. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत तर नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला पुन्हा प्रेम करण्याचा अधिकार आहे काय, असा सरळ प्रश्न होता. तरुण स्त्रीच्या मनाचे हे बोलणे तिच्याच तोंडून आले, म्हणूनच ते लोकांना झोंबले. प्रेमकथेतील मुलगी ही केवळ मिळवण्याची वस्तू नसून ठरवणारी व्यक्ती आहे, हे येथे ठळकपणे दिसले.

आपल्या भागाशी या सर्वांचा संबंध काय, असे कोणी विचारील. मराठी साहित्य संमेलन १९३१ साली हैदराबादेस भरले, त्याचे अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. १९४१ साली ते सोलापुरास भरले, त्याचे अध्यक्ष स्वतः खांडेकर होते. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर हुमनाबाद आहे. केतकरांना आपण कोशकार म्हणून ओळखतो. परंतु ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) यांसारख्या कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. त्यांना गोड बोलणे जमत नसे, भाषा ओबडधोबड होती; तरी जात आणि विवाह यांचा गुंता त्यांनी ज्या निर्भयपणे मांडला तो त्या काळच्या सुबक कादंबऱ्यांत दुर्मिळ होता. एका बाजूने सोलापूर, दुसऱ्या बाजूने हैदराबाद, अशी मराठी पुस्तकाची वाट आपल्या दारावरून जात होती.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला : उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि हुमनाबाद, भालकी, बीदर म्हैसूर राज्यात, ज्याला १९७३ पासून कर्नाटक म्हणतात. याच सुमारास महाराष्ट्रात फिरत्या व खाजगी वाचनालयांचे युग भरात आले. दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या कादंबऱ्यांवर एक पिढी पोसली. बाबा कदम, चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर ही नावे त्या काळच्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. सोलापूर-लातूरकडे माहेर किंवा आजोळ असणाऱ्या घरांत ही पुस्तके सुटीच्या सामानाबरोबर येत.

काकोडकरांच्या निमित्ताने आमच्या विषयाला थेट लागू पडणारा एक निवाडा झाला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. निशिकांत नावाचा कवी-शिक्षक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असे तिचे कथानक. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायालयाने मांडलेल्या मुद्द्याचा आशय असा होता, की स्त्री-पुरुषसंबंधाचा नुसता उल्लेखही किशोरांना अपायकारक मानावयाचा, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही. त्यांनी केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावीत असे म्हणावे लागेल. आमच्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तक्रारीला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले हे उत्तर आहे असे म्हणता येईल.

परंतु पुस्तक निर्दोष ठरणे निराळे आणि चांगले ठरणे निराळे. वाचनालयांच्या काळातील बहुसंख्य प्रेमकादंबऱ्या आज विस्मरणात गेल्या, त्या अश्लील होत्या म्हणून नव्हे. त्यांचा साचा ठरून गेला होता. श्रीमंत-गरीब जोडी, हट्टी वडील, मध्येच एखादा अपघात, आणि अखेरीस मनपरिवर्तन. यातील वडिलांचा हट्ट हा खराच अडसर होता. परंतु तो हट्ट शेवटच्या प्रकरणात इतक्या सहजपणे विरघळे, की आधीचे दुःख फुकट गेल्यासारखे वाटे. याच्या उलट सोयीचा मृत्यू. दोघांपैकी एकाला असाध्य रोग जडवला, की लेखकाला कोणाशीच भांडावे लागत नाही. जात, पैसा, घराण्याची अब्रू, सारे प्रश्न चितेबरोबर जळून जातात. वाचकाचे डोळे भरून येतात, परंतु पुस्तक मिटल्यावर आपली फसगत झाली ही भावना उरते. आपट्यांच्या रघुनाथाचा मृत्यू असा सोयीचा नव्हता, कारण खरा प्रश्न त्या मृत्यूनंतर सुरू होत होता.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने तरुणाच्या कादंबरीची भाषाच पालटली. पांडुरंग सांगवीकर प्रेमकथेचा नायक होत नाही. वसतिगृह, मित्र, परीक्षा आणि बहिणीचा मृत्यू यांतच त्याचे तारुण्य संपते. परंतु तरुण खरोखर जसा बोलतो तशी बोली कादंबरीत आल्यावर फडक्यांच्या नायकाची परीटघडीची भाषा पुन्हा वापरणे अवघड झाले. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने (१९८२) हीच कट्ट्यावरची बोली प्रेमकथेत आणली. शिरवळकर (१९४८–२००३) हे समीक्षकांनी फारसे न गौरवलेले आणि वाचकांनी न सोडलेले लेखक. २०१३ साली संजय जाधव यांनी तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा कादंबरी लिहिली गेल्यानंतर जन्मलेल्या मुलांनीही मूळ पुस्तक शोधून वाचले. त्या कादंबरीत शिव्या आहेत, मारामाऱ्या आहेत, भडकपणाही आहे. तरी ती टिकली, याचे कारण तिच्यात श्रेयसच्या प्रेमाइतकीच त्याच्या आईच्या कोमेजलेल्या प्रेमाची कथा आहे. एम. के. श्रोत्री या प्रौढ, व्यसनाने पोखरलेल्या माणसाचा आपल्या घराशी काय संबंध आहे हे त्या मुलाला कळते, तेव्हा वडील पिढीच्या तडजोडीची किंमत आपण मोजतो आहोत हेही त्याला कळते. हा अडसर खरा आहे आणि तो घरातच आहे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातील एका लहान गावातील नववीचा वर्ग. मुकुंद जोशीला वर्गातील शिरोडकर आवडते. यापलीकडे कथानक म्हणावे असे फार थोडे घडते. दोघे मोजकेच बोलतात, आणि शेवटी ती दूर जाते. खलनायक नाही, अपघात नाही, गैरसमजाची ताणलेली दोरी नाही. वय हाच अडसर आहे. मनात इतके मोठे काही घडते आहे आणि ते सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, ना वर्गात, ना घरात. देशभर बोलण्यावर बंदी असलेला तो काळ त्या मुलाच्या मुकेपणाशी नकळत जुळून जातो. सुजय डहाके यांनी केलेल्या चित्रपटाला २०११ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवट सुखाचा नसताना या पुस्तकाने निराशा केली असे कोणी म्हणत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : वाचकाला सुखान्त हवा असतो असे नाही, त्याला न्याय्य शेवट हवा असतो, आधीच्या पानांतून निपजलेला.

आता आपल्या दाराशी येऊ. सीमेवरची मराठी वयात येणाऱ्या मनाचा भार पेलू शकते काय, या शंकेचे उत्तर बेळगावने दिले आहे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’पासून (१९९४) सुरू झालेल्या लंपनच्या कथा प्रेमकथा नव्हेत, परंतु लंपनला सुमीविषयी जे वाटते ते लिहिताना संतांनी कानडी हेल लागलेली, दोन भाषांत वावरणारी मराठी वापरली आणि ती सबंध महाराष्ट्राला गोड लागली. ज्या बोलीला पुण्याचे नातेवाईक हसतात त्या बोलीत एवढे कोवळे काही लिहिता येते, ही आपल्यासारख्यांना मोठी धीर देणारी गोष्ट आहे.

बेळगावला लंपन मिळाला. बीदर-कलबुर्गीला कोण मिळाला? आपल्याकडील तरुण आज प्रेमाची कादंबरी वाचत नाहीत असे नाही. ते इंग्रजीतून वाचतात, भाषांतरातून वाचतात. चेतन भगत यांची ‘टू स्टेट्स’ (२००९) पुष्कळांनी वाचली. पंजाबी मुलगा, तमिळ मुलगी, अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत भेट, आणि मग दोन घरांची मनधरणी. त्या कादंबरीने दोन भाषांचा संसार हा विषय तरुणांपुढे ठेवला, हे तिचे श्रेय. परंतु तेथे भाषा हा विनोदाचा विषय आहे. दोघेही आपसांत इंग्रजीत बोलतात आणि चांगल्या पगाराच्या नोकऱ्या त्यांच्या पाठीशी आहेत. आपल्या बाजारपेठेतील दुकानदाराच्या मुलाला आणि शेजारच्या गल्लीतील कानडी घरातील मुलीला ती सोय नसते.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट असला तरी येथे त्याचा उल्लेख टाळता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील ते दोघे पळून जातात ते हैदराबादेस, आपल्याच मुलखाच्या दिशेने. अनोळखी भाषेच्या शहरात राहताना आर्ची हळूहळू तेलुगू शिकते, कारखान्यात काम करते. प्रेम निभावणे म्हणजे काय, हे चित्रपटाच्या त्या दुसऱ्या भागात कळते. पुढच्याच वर्षी तो ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कानडीत आला. जातीची भिंत भाषा बदलली तरी तशीच उभी राहिली, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मात्र आपली कथा अजून कोणी लिहिलेली नाही. कोणी कुलकर्णीपणाच्या वतनाने, कोणी व्यापाराने, कोणी माणिकनगरच्या सेवेने येथे स्थिरावलेली घराणी. मुलगा-मुलगी पाहण्यासाठी लातूर-सोलापूरकडे लागलेले डोळे. तिकडून सून यावी ती इथल्या कानडीला बिचकणारी, आणि इथली मुलगी तिकडे द्यावी ती तिच्या हेलामुळे हसू होणारी. शिकायला कलबुर्गी किंवा बंगळूरला गेलेल्या मुलाचे मन कानडी मुलीवर बसले, तर घरातील आजी नातसुनेशी कोणत्या भाषेत बोलणार? नातवंडे देवापुढे कोणती आरती म्हणणार? या शंका क्षुद्र नव्हेत. त्यांत जातीचा अहंकार आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु त्यांत एक खरे भयही आहे, की चार-पाच पिढ्या जपलेली भाषा या उंबरठ्यावर संपेल. आणि समोर त्या मुलाचे मनही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजू खऱ्या असणे, हेच चांगल्या प्रेमकथेचे भांडवल असते. रिसबुडांना आपल्या काळात अडसर सापडला नाही म्हणून ते राजवाड्यात गेले. आपल्या गल्लीत तो पावलोपावली आहे.

अशी कादंबरी लिहावयाची तर भाषा कोणती, असा प्रश्न येईल. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) याच भूमीवर मराठीबरोबर कानडीत आणि हिंदी-उर्दूतही पदे रचली. भक्तीला जे चालले ते प्रीतीला चालू नये असे नाही. कानडी साहित्याशीही आपले जुने देणे-घेणे आहे. गळगनाथांनी हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कानडीत नेल्या, आणि त्रिवेणींच्या कादंबऱ्यांनी कानडी तरुणींच्या मनाचा ठाव घेतला. आपल्या मुली त्रिवेणी मुळातून वाचू शकतात, हे त्यांचे वैभव आहे. त्या ज्या दिवशी शिरूरकरही वाचतील त्या दिवशी दोन्ही भाषांत त्यांना स्वतःसाठी शब्द सापडतील.

म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. घरातील मुलाच्या हाती प्रेमाची मराठी कादंबरी दिसली तर ती काढून घेऊ नये. ती आपणही वाचावी आणि त्याला विचारावे, की या दोघांच्या आड जे आले ते तुला खरे वाटले काय? ‘शाळा’ आणि ‘वनवास’ बैठकीच्या कपाटात, बखरींच्या शेजारी ठेवावीत. भाषा टिकवण्यासाठी आपण सभा भरवतो, ठराव करतो. ते आवश्यकच आहे. परंतु ज्या भाषेत माणसाला प्रेमाचे पत्र लिहिता येत नाही ती भाषा तो आपल्या मुलांना शिकवील, अशी आशा धरणे व्यर्थ आहे. आपल्या घराण्यांतील कोणी मुलगा किंवा मुलगी, आपल्याच हेलात, आपल्याच गल्लीची प्रेमकथा लिहू लागेल, तेव्हा तिच्यात वडीलधाऱ्यांची बाजूही येईल. ती न्यायाने यावी असे वाटत असेल, तर आजच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे, हे काम आपल्याकडे आहे.